एका दिवसात उतरलेली कावीळ

माझे सासरे तात्याबा यांचा या जगात दोघांवरच विश्वास होता, एक त्यांचा उजवा डोळा आणि दुसरा डावा. बाकी सगळे चोर. डेअरीत दुधाचं माप घेणारा चोर, डाळिंबाला औषध सुचवणारा दुकानदार चोर, टीव्हीवर पावसाचा अंदाज सांगणारी बाई चोर, आणि लग्न होऊन उंबरा ओलांडला त्या दिवसापासून मीही चोर. आमच्यात सासऱ्याला मामा म्हणतात. तर पहिल्या वर्षी मी केलेला चहा हे मामा आधी आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाई बानूबाईंना प्यायला लावायचे आणि मग आपला कप उचलायचे. मी एकदा तोंडावर म्हटलं, "मामा, मला इख घालायचंच आसतं तर पातेल्यातच घातलं आसतं. दोघंबी गेला आसता." ते माझ्याकडे बघत राहिले आणि आत्यांना म्हणाले, "पोरगी इचार करती." तिथून आमचं भांडण जे सुरू झालं ते आजतागायत चालू आहे.

त्यांनाही दोष किती द्यायचा. तरुणपणी त्यांच्या मागे मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं, दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, आणि अंधारात कोण येतंय ते ओळखायचं. लांडगा येतो, तसा कोकरू उचलून नेणारा माणूसही येतो, आणि दिवसा त्याच माणसाला राम राम घालावा लागतो. संशय घेतला नाही तो धनगर रिकाम्या काठीनिशी घरी आला. पुढे मेंढरं गेली, कालव्याच्या पाण्यावर पेरू आणि डाळिंब आलं, पण मामांची राखण काही सुटली नाही. बांधावर उभं राहून ते डोळ्यांवर आडवा हात धरायचे आणि पार इंदापूरच्या रस्त्यावरून जाणारा कुणाचा कोण आहे ते सांगायचे. आम्ही त्या नजरेला भीत होतो हे कबूल केलंच पाहिजे.

गेल्या वर्षी पेरूचा तोडा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. मामा एका सकाळी लवकर उठून लोणंदच्या बाजाराला निघाले. मेंढ्यांचा बाजार. घरात आता एका म्हशीशिवाय जनावर नाही, मग हे कशाला चालले, असं मी विचारलं. "नुसतं बगायला," म्हणाले. मला काही ते पटलं नाही. माणूस नुसतं बघायला एवढं धुतलेलं धोतर नेसून जात नाही.

रात्री उशिरा ते परत आले ते पिवळेधमक होऊन. तोंड पिवळं, हात पिवळे, दोन्ही ओठ सुजलेले, पापण्या फुगलेल्या. "गांधीलमाशी चावली," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. सकाळी मी मोरी धुवायला गेले तर फरशीवर असा पिवळा रंग की बघत राहावं. हळदीचा पिवळा नव्हे. उन्हाची तिरीप पडली तशी त्याच्यात हिरवी झाक चमकली. मी घाबरून आत्यांना बोलावलं. आत्यांनी एकदा बघितलं आणि निकाल दिला, "कावीळ."

शेजारच्या वस्तीवर सिंधुबाई कावीळ उतरवते. चुन्याची निवळी हातांवर ओतते, हात चोळते, आणि खाली परातीतलं पाणी पिवळं होतं. मामांचंही झालं. आणि आश्चर्य म्हणजे दुसऱ्या दिवशी मामा खणखणीत, कातडी आपल्या मूळच्या काळ्या रंगावर. सिंधुबाईचा तालुक्यात डंका वाजला. आत्यांनी मात्र पथ्य सोडलं नाही. महिनाभर बिनतेलाचं, बिनहळदीचं, ताक आणि ज्वारीच्या कण्या. मामांनी एक अक्षर न बोलता सगळं गिळलं. तेव्हाच मला शंका आली. माझं माहेर सांगवीचं, माझ्या भावाला कावीळ झाली होती, तर त्याला उठून बसायला दीड महिना लागला होता. ह्यांची एका दिवसात उतरते? आणि जो माणूस भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवतो तो महिनाभर कण्या खातो? कुठंतरी पाणी मुरत होतं. कुण्या बुवाची पूड खाल्ली असेल, असं मला वाटलं. मी एकदोनदा खोदून विचारलं. "तुज्या बापाचं काय गेलं?" एवढंच उत्तर मिळालं.

यंदा मात्र मुरलेलं पाणी वर आलं. माझा नवरा राम पेरूच्या बागेत ठिबकची नळी बघत होता, आणि मामांनी बांधावरून त्याला दगड मारला. "कोन हाय रं तितं? पेरू चोरतूस व्हय?" दगड खांद्याला लागला. राम ओरडत पुढे आला तरी मामा दुसरा दगड शोधत होते. नंतर म्हणाले, "मला ठावं व्हतं राम हाय म्हून. कामचुकारपना करत हुता, म्हून मारला." रामने खांदा चोळला आणि गप्प बसला. मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. आठवडाभर भांडून मामांना गाडीत घालून बारामतीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. वाटेत मला शिव्या, डॉक्टरांना शिव्या, चष्मा विकणाऱ्या सगळ्या जातीला शिव्या.

दवाखान्यात समोरचा तक्ता वाचायला सांगितला. हा डोळा झाका, तो डोळा झाका. मामांनी तळहाताने एकेक डोळा झाकला आणि दोन्ही वेळेला चार ओळी धडाधड ओळखल्या. मग डोळ्यांत थेंब घालून डॉक्टर मॅडमनी आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मला म्हणाल्या, "साखरेमुळं डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या झिरपतायत. उजव्यात सूज आहे. डावा तर आतून फारच खराब दिसतोय, आणि हे तक्ता वाचतायत. मला कळत नाही कसा." त्यांनी मामांकडे जरा संशयानेच बघितलं. मला बरं वाटलं, आपल्यासारखं कुणीतरी भेटलं. कुठली वाहिनी झिरपतेय आणि कुठली बंद पडलीय ते नीट कळायला रंगाची तपासणी करू, असं त्यांनी सांगितलं. हाताच्या शिरेतून रंग सोडायचा, तो रक्ताबरोबर डोळ्यात गेला की फोटो काढायचे.

तपासणीच्या खोलीत सुकन्या नावाची मुलगी होती. कन्हेरी गावची, उंच, आवाज करारी. तिने मामांना खुर्चीवर बसवलं, रक्तदाब घेतला, मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा आकडा बघितला, आणि प्रश्नांना सुरुवात केली. दमा आहे का? हृदयाचा झटका येऊन गेलाय का? एखादं औषध, इंजेक्शन, मासे, अंडी, कशाने अंगावर गांधी उठतात का? ही तपासणी पूर्वी कधी केलीय का?

"न्हाय," मामा प्रत्येक प्रश्नाला म्हणत होते. प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणत होते.

मी इकडेतिकडे बघत होते. भिंतीला प्राणवायूची टाकी, शेजारी ट्रेमध्ये भरून ठेवलेली इंजेक्शनं, बाजूला रिकामा पलंग. "साधी तपासनी म्हनताय, मग टाकी कशाला?" मी विचारलं.

"क्वचित एखाद्याला त्रास होतो, ताई," सुकन्या म्हणाली. "तो एखादा कोण ते आधी कळत नाही. म्हणून तर एवढं विचारते मी. आणि माणसं खरं सांगत नाहीत, म्हणून दोनदा विचारते." असं म्हणून तिने खरंच सगळे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारले. मामांनी सगळी उत्तरं पुन्हा पहिल्यासारखी दिली. मी बोलायला तोंड उघडलं की त्यांचा पाय माझ्या पायावर येत होता.

तिने शिरेत बारीक नळी बसवली. नारिंगी रंगाची सिरिंज उचलली, वर धरली आणि तिच्यातली हवा काढली. एक थेंब ट्रेमधल्या ओल्या कापसावर पडला आणि पसरला. पसरताना तो नारिंगी राहिला नाही. पिवळा झाला, आणि वरच्या दिव्याखाली त्याच्यात हिरवी झाक चमकली.

असा रंग मी आयुष्यात एकदाच बघितला होता, आमच्या मोरीत.

"थांबा!" मी एवढ्या जोरात ओरडले की सुकन्याचा हात जागच्या जागी थांबला. "हा रंग अंगात गेल्यावर मानूस पिवळं हुतं का?"

"होतं. दिवसभर कातडी पिवळी दिसते, लघवी पिवळी होते. एकदोन दिवसांत सगळं उतरतं. तेच आता सांगणार होते."

"गेल्या वर्षी ह्यास्नी कावीळ झालती. येका दिवसात उतरली."

सुकन्याने मामांकडे बघितलं, मग माझ्याकडे. सिरिंज खाली ठेवली. "तेव्हा अजून काय झालं होतं?"

"गांधीलमाशी चावलीती मला," मामा मध्येच म्हणाले.

"माशी एका जागी चावते बाबा. सूज कुठं होती?"

"दोनी ओठ," मी सांगितलं. "पापन्यासुदिक."

आणि मग मामांचा जो बांध फुटला तो बघायला बाहेरच्या बाकावरची माणसं दारात गोळा झाली. "बगा, बगा ही माजी सून! सुई मारू नगा म्हनतीया. हिला मी आंधळा व्हाया पायजे. म्हातारं खाटंवर पडलं की घर हिच्या हातात! आल्या दिवसापसनं टपून बसलीया माज्यावर!" माझ्या अंगाची लाही लाही झाली. पहाटे उठून ह्यांची भाकरी थापायची, ह्यांच्या साखरेच्या गोळ्या आठवणीने द्यायच्या, आणि दहा लोकांत हे ऐकून घ्यायचं. मला रडू आलं नाही. त्यांना तिथंच सोडून गाडी घेऊन निघून जावं असं मात्र वाटलं. गेले नाही, कारण त्यांच्या हाताला ती नळी तशीच होती.

सुकन्याने दार लावून घेतलं. स्टूल ओढून मामांच्या समोर बसली. "बाबा, खरं कळल्याशिवाय मी हे औषध देणार नाही."

"अंगठा देतो. मेलो तर माजं मी."

"अंगठा माझ्या काय कामाचा? गेल्या वर्षी कुठं केली होती ही तपासणी?"

मामांनी आधी बंद दाराकडे बघून घेतलं. मग म्हणाले, "मी सांगितलं आसतं तर तुमी क्येली आसती का तपासनी?"

"नसती केली."

"मंग!"

मामांच्या तोंडून 'मंग' निघालं आणि त्याच्यामागून सगळंच निघालं. लोणंदला ते गेलेच नव्हते, एसटीने पुण्याला गेले होते. दिसायला कमी यायला लागलं होतं ते घरात कुणाला कळू द्यायचं नव्हतं. तिथे दवाखान्यात हाच रंग टोचला. आधी हात खाजायला लागले, मग अंगभर गांधी उठल्या, मग घसा आवळला. "चार मानसं धावली. तोंडावर वारं लावलं. मला वाटलं, गेलो मी, आन् घरात कुनाला ठावंबी न्हाय कुटं मेलो." तिथल्या लोकांनी बरं करून संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, आणि ही तपासणी पुन्हा कधी करायची नाही, कुणी करायला लागलं तर हे दाखवा, म्हणून लिहून दिलं. तो कागद मामांनी एसटीच्या खिडकीतून सोडून दिला.

"एवढं होऊन परत सुईला हात पुढं केलात?" सुकन्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

"मेंढराचं मला ठावं हाय," मामा म्हणाले. "पयल्या डोसाला जनावर हबकतं. दुसऱ्याला सवं पडती. म्या म्हनलं, आता अंगाला वळख झालीया, आता काय हुनार न्हाय."

"उलटं असतं बाबा. पहिल्यांदा अंगाला ओळख होते, आणि त्या ओळखीनं दुसऱ्यांदा ते जास्त चवताळतं. गेल्या वर्षी घसा आवळला. आज काय झालं असतं ते मला सांगता येत नाही." तिने नळी काढली आणि त्या जागेवर कापूस दाबून धरला. मी ट्रेकडे बघितलं. तो नारिंगी रंग एका खोटेपणावर त्यांच्या अंगात जायला निघाला होता, आणि मी पायावर पाय पडला म्हणून गप्प बसले असते तर गेलाही असता. मी त्या रिकाम्या पलंगावरच बसले.

डॉक्टर मॅडम आल्या. रंगाची तपासणी रद्द केली, आणि रंग न टोचता नुसत्या प्रकाशाने पडद्याचं चित्र काढणारं दुसरं मशीन आहे, त्यावर बघू, म्हणाल्या. झालं, मामांचा संशय परत जागा झाला. "बिनसुईचं मशिन व्हतं, तर आदी सुई कशापायी काडली?" मॅडमनी शांतपणे सांगितलं की झिरपणं रंगात जास्त स्वच्छ दिसतं, मशीनमध्ये थोडं कमी कळतं, पण उपचार सुरू करायला पुरतं. मामांनी माझ्याकडे बघून नाक उडवलं. मीही उडवलं.

मशीनच्या खोलीत अंधार होता. सुकन्याने मला आत घेतलं, पण भिंतीशी उभं केलं आणि तोंडावर बोट ठेवलं, म्हणजे मामा मान वळवणार नाहीत. मी त्यांच्या डाव्या बाजूला, हात लांब केला तर खांद्याला लागेल एवढ्या अंतरावर उभी होते. त्यांनी हनुवटी टेकवली. आधी उजव्या डोळ्याचं चित्र काढलं. मॅडम पडद्यावर वाकून म्हणाल्या, "सूज आहे, पण हा डोळा धरून ठेवता येईल," आणि दुसरा पेशंट बघायला गेल्या. मला हायसं वाटलं.

मग डावा डोळा. "बाबा, समोर हिरवी फुली दिसते का? तिच्याकडंच बघत राहायचं."

"दिसती."

"नीट दिसते?"

"मदीच हाय की."

सुकन्याने मशीनवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "बाबा, मी फुली अजून लावलीच नाही."

मामांनी हनुवटी उचलली नाही. हळूच विचारलं, "सून भाईर हाय न्हवं?"

सुकन्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, सांगू नको म्हणून. ती नुसतं म्हणाली, "बोला बाबा."

"डाव्यानं कायबी दिसत न्हाय. लई दिस झालं. मगाशी त्यो तक्ता उजव्यानंच वाचला, बोटांच्या फटीतनं. डाक्टरीनबाईस्नी सांगा. पर सुनंला सांगू नगा."

"का? त्या तर तुमच्यासाठी केवढ्या ओरडल्या. सांभाळतील की."

"त्येच तर नगं," मामा म्हणाले. "दगड लागला तवापसनं ल्योक माज्याशी उलट बोलंना झालाय. व्हय आबा, व्हय आबा करतुया. बायकू भाकरीचं बारीक तुकडं करून ताटात टाकती. मी काय म्हनलं तरी समदी बरं म्हनत्यात. त्या घरात माज्याशी भांडनारी येवडी येकच राह्यलीया. तिलाबी माजी कीव आली, तर मंग मी हायच कशाला?"

इतक्या वर्षांत ह्या माणसाने मला चोर म्हटलं, टपून बसलेली म्हटलं, आणि मी ते सगळं खरं धरून त्यांच्यावर दात धरून बसले होते. मी हात लांब केला असता तर त्यांना धरता आलं असतं. मी भिंतीला पाठ घासत दाराशी गेले, आवाज न करता बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. पदराने तोंड खसाखसा पुसलं. बाकावरच्या एका बाईने विचारलं, "काय झालं वं? ब्येस हायती न्हवं?" मी मान हलवली.

मग दार धाडकन ढकललं आणि आत शिरले.

"मामा, झालं का न्हाय अजून? हितं काय पेरू राखत बसलाय व्हय? धारंची येळ झाली, म्हस दावं तोडत आसंल तिकडं. आन् मगाशी दहा मानसांत मला काय काय बोललासा, त्येचा हिशोब घरी गेल्यावर करायचा हाय मला!"

"आली बगा," मामा सुकन्याला म्हणाले. "वाईच दम न्हाय हिला. आगं, डोळं तपासत्यात माजं! भाईर व्हतीस तीच बरी व्हतीस." हनुवटी मशीनवर ठेवूनच ते ओरडत होते, आणि आवाज बांधावरून हाळी द्यायचे तसा खणखणीत लागला होता.

"मी न्हाय जात भाईर," म्हणून मी तावातावाने पुढे गेले आणि त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले.